पॉटकेटचा संघ आणि तेहेतीस डावांची रात्र

न्यू इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षात दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणे आणि दुसरी म्हणजे रेड सॉक्सबद्दल चार वाक्ये न अडखळता बोलणे. पहिली गोष्ट पाठीला जमते, दुसरी हळूहळू जिभेला. पण ऑफिसातला एखादा जुना सहकारी जेवणाच्या सुट्टीत 'पॉसॉक्स' असा शब्द काढतो आणि एखाद्या गेलेल्या नातेवाइकाची आठवण निघावी तसा क्षणभर गप्प होतो, तेव्हा मात्र आपली पंचाईत होते. हे पॉसॉक्स कोण, आणि त्यांचे काय झाले? या वेळी त्याचीच माहिती द्यायचे आम्ही ठरवले आहे.

सुरुवात मायनर लीगपासून करायला हवी. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे, त्यामुळे मायनर लीग म्हणजे इथली रणजी ट्रॉफी असा आपला समज होतो. तो पुरता बरोबर नाही. रणजीत मुंबईचा संघ मुंबईचा असतो, त्याला स्वतःची परंपरा आणि स्वतःची जिंकायची ईर्ष्या असते. इथे तसे नाही. मेजर लीगमधल्या ३० संघांपैकी प्रत्येकाचे खाली चार पायऱ्यांवर चार जोडसंघ असतात. सर्वांत वरची पायरी ट्रिपल-ए, तिच्याखाली डबल-ए, आणि त्याखाली ए दर्जाच्या आणखी दोन. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार हे सगळे वरच्या संघाचे. गावातल्या मालकाकडे काय उरते? तिकिटे, हॉट डॉग, पार्किंग, मैदानाची निगा आणि लोकांचा लोभ. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाला उद्या सकाळच्या विमानाने बॉस्टनला पाठवायचे, यात त्याला काही बोलता येत नाही.

ही व्यवस्था सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात बसवली. तिला नाव पडले 'फार्म', म्हणजे शेत. कोकणातल्या वाचकांना हे लगेच कळेल. भाताचा तरवा एका तुकड्यात पेरायचा, रोपे वीतभर झाली की उपटून दुसऱ्या खाचरात लावायची. पीक त्या दुसऱ्या खाचरात दिसते. पहिल्या तुकड्याकडे नंतर कोण बघतो?

पॉटकेट हा असा पहिला तुकडा.

ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्सला खेटून हे गाव आहे. इंग्लंडमधून आलेल्या सॅम्युएल स्लेटरने १७९० मध्ये इथेच पाण्याच्या जोरावर सूत कातणारी यंत्रे चालवून दाखवली आणि १७९३ मध्ये गिरणी उभी राहिली. अमेरिकेच्या औद्योगिक क्रांतीचा जन्म इथला, असे शाळेच्या पुस्तकांत शिकवतात. पुढे गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, मग बंद पडल्या, आणि लाल विटांच्या लांबच लांब इमारती मागे राहिल्या. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते त्यांना या गावातून फिरताना काही समजावून सांगावे लागत नाही. भोंगा गेला की गावाला बांधून ठेवणारे काय उरते, हा प्रश्न दोन्हीकडचा.

पॉटकेटला बेसबॉलने बराच काळ बांधून ठेवले. तिथले मैदान म्हणजे मॅकॉय स्टेडियम. महापौर टॉमस मॅकॉय यांनी मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेच्या पैशांतून, हॅमंड पाँड नावाच्या दलदलीच्या जागी ते बांधायला घेतले. दलदल भरता भरता खर्च इतका वाढला की लोक त्याला 'मॅकॉयचा वेडेपणा' म्हणू लागले. १९४२ मध्ये ते खेळासाठी खुले झाले. त्यानंतर कधी बॉस्टन ब्रेव्ह्जचा जोडसंघ, कधी क्लीव्हलंडचा, अशी बिऱ्हाडे येत-जात राहिली. १९७० मध्ये रेड सॉक्सने आपला डबल-ए संघ तिथे आणला आणि १९७३ पासून ट्रिपल-ए. म्हणजे फेनवे पार्कपासून फक्त एक पायरी खाली, आणि गाडीने तासाभराच्या अंतरावर.

पहिली काही वर्षे मात्र हलाखीची होती. जिम राइस, फ्रेड लिन यांच्यासारखे खेळाडू तिथून वर गेले, पण खुर्च्या रिकाम्या. १९७६ च्या अखेरीस संघाचे दिवाळे निघाले. तेव्हा बेन मोंडोर नावाचा निवृत्त गिरणीवाला पुढे आला. हा क्वेबेकमध्ये जन्मलेला, लहानपणी शेजारच्या वूनसॉकेटला येऊन वाढलेला, म्हणजे तोही आपल्यासारखा बाहेरूनच आलेला. बंद पडलेल्या गिरण्या घेऊन सावरण्यात त्याने पैसा कमावला होता. १९७७ च्या जानेवारीत त्याने हा बुडालेला संघ घेतला. त्या वर्षी संघ लीगमध्ये पहिला आला तरी सगळ्या हंगामात मिळून सुमारे ७० हजार माणसे आली. मोंडोरने संडास धुऊन घेतले, दारूडे आणि भांडखोर यांना दाराबाहेर ठेवले, तिकीट स्वस्त ठेवले, पार्किंग फुकट ठेवले. एवढेच. यात कसलीही जादू नाही, पण आम्हाला वाटते, गिऱ्हाईक आपल्या घरी आलेले आहे असे समजून वागणारा मालक दुर्मीळच. २००५ च्या हंगामात त्याच मैदानावर ६ लाख ८८ हजारांवर प्रेक्षक आले.

मॅकॉयची एक गंमत सांगितलीच पाहिजे. तिथे खेळाडूंचे डगआउट प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या खाली होते. वरून हात पोचत नसे, म्हणून मुले दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून, दोरीने खाली सोडत. खालून कोणीतरी सही करून दोरीला हिसका देई. आडातून कळशी ओढल्यासारखी मुले ती वर ओढत. सही कोणाची हे बऱ्याचदा वर आल्यावरच कळे. रॉजर क्लेमेन्स, नोमार गार्सियापारा, डस्टिन पेद्रोया, मूकी बेट्स हे सगळे त्या खड्ड्यात बसून गेलेले आहेत. अर्थात कॅनमध्ये बहुतेक वेळा येणारी सही अशा कोणाची असे, की ज्याचे नाव पुढे कोणी ऐकले नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. तिच्यामुळे पॉटकेटचे नाव बेसबॉलच्या प्रत्येक विक्रमपुस्तकात आहे.

१८ एप्रिल १९८१, शनिवार, ईस्टरच्या आदली रात्र. पाहुणा संघ रॉचेस्टर रेड विंग्ज, म्हणजे बाल्टिमोर ओरिओल्सचा ट्रिपल-ए संघ. मैदानात १,७४० प्रेक्षक. दिवे नीट लागेनात म्हणून खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला. ज्यांना बेसबॉलचे नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढेच की दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात, दोघांची एकेक पाळी झाली की एक डाव. असे नऊ डाव. बरोबरी मान्य नाही, बरोबरी झाली तर आणखी एक डाव, मग आणखी एक, कोणीतरी पुढे जाईपर्यंत. यजमान नेहमी दुसऱ्यांदा फलंदाजी करतात.

सातव्या डावात रॉचेस्टरने एक धाव केली. नवव्यात पॉटकेटने ती फेडली. १-१. त्यानंतर काही घडेना. वारा समोरून इतका जोरात येत होता की मैदानाबाहेर जातोय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला चेंडू परत आत येऊन पडे. थंडी अशी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात घालून शेकोटी पेटवली. खरे तर लीगच्या नियमाप्रमाणे रात्री १२ वाजून ५० मिनिटांनंतर नवा डाव सुरू करायचा नसे. पण त्या वर्षी अंपायरांच्या हातात जी नियमावली होती तिच्यात हे कलमच छापलेले नव्हते. नियमात नाही म्हणजे थांबायचे नाही, असा अंपायरांचा हेका! कचेरीच्या कामकाजाचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

एकविसाव्या डावात रॉचेस्टरने पुन्हा एक धाव काढली. चला, सुटलो एकदाचे, असे सगळ्यांना वाटले असेल. तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने दोन बेसचा फटका मारून पुन्हा बरोबरी केली. स्वतःच्या संघातल्या मंडळींनी त्याला शाबासकी द्यावी की शिव्या, हेच कळत नव्हते म्हणे. बाविसाव्यात पॉटकेटचे व्यवस्थापक जो मॉर्गन यांना अंपायरशी वाद घातल्याबद्दल मैदानाबाहेर काढले. पण ते गेले नाहीत, पडद्यामागच्या एका भोकातून बघत राहिले. इकडे लीगचे अध्यक्ष हॅरोल्ड कूपर यांना फोनवर गाठायची खटपट चालूच होती. ते सापडले, त्यांनी हा डाव संपला की थांबा असे सांगितले, आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर, २-२ अशा बरोबरीवर खेळ थांबला. मैदानात उरलेल्या प्रेक्षकांची संख्या होती १९. त्यांना पुढे संघाने फुकट पास दिले. खेळाडूंना रविवारी दुपारचा सामना होताच, म्हणून अकरा वाजता परत यायचे होते.

पॉटकेटचा व्हेनेझुएलन पिचर लुइस आपोन्ते आपले काम संपवून थोडा आधी घरी गेला. एवढ्या रात्री कुठे होतास, म्हणून बायको दार उघडेना. खेळत होतो, हे तिला पटेना. उद्याच्या पेपरात वाच म्हणावे, तर खेळ इतका लांबला की रविवारच्या पेपरात ती बातमी नव्हतीच!

उरलेला सामना २३ जून १९८१ ला झाला, रॉचेस्टरचा संघ पुन्हा पॉटकेटला आला तेव्हा. योगायोगाने त्याच दिवसांत मेजर लीगचे खेळाडू संपावर होते. देशभरच्या बेसबॉल वार्ताहरांना लिहायला दुसरे काही नव्हते, ते सगळे पॉटकेटला जमले. प्रेक्षक ५,७४६. आणि हा उरलेला खेळ टिकला फक्त १८ मिनिटे. तेहेतिसाव्या डावात रॉचेस्टरला काही करता आले नाही. मग पॉटकेटच्या मार्टी बॅरेटच्या अंगाला चेंडू लागून तो बेसवर गेला, पुढच्याने फटका मारला, त्यापुढच्याला मुद्दाम बेस देण्यात आला. तिन्ही बेस भरलेले, आणि पुढे आला पहिल्या बेसवरचा खेळाडू डेव्ह कोझा. त्याने डावीकडे एक फटका मारला, बॅरेट धावत घरी आला. ३-२. एकूण ८ तास २५ मिनिटे. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांबलेला सामना. मेजर लीगमध्ये याच्या जवळ जाणारे दोनच, १९२० चा २६ डावांचा आणि १९८४ चा ८ तास ६ मिनिटांचा. हा विक्रम आता बहुधा मोडणारही नाही, कारण २०१८ पासून मायनर लीगमध्ये दहाव्या डावापासून प्रत्येक पाळीची सुरुवातच दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करून होते.

(क्रिकेटवाल्यांना १९३९ ची दरबानची कसोटी आठवेल. तीही निकाल लागेपर्यंत खेळायची होती, पण नऊ दिवसांच्या खेळानंतर इंग्लंडच्या संघाची बोट सुटायची वेळ झाली आणि ती अनिर्णित राहिली. बेसबॉलवाल्यांनी निदान निकाल तरी लावला.)

त्या रात्री मैदानावर असलेल्या दोघांची नावे सगळीकडे सांगितली जातात. पॉटकेटचा तिसऱ्या बेसवरचा वेड बॉग्ज, आणि रॉचेस्टरचा तिसऱ्या बेसवरचा कॅल रिपकेन. बॉग्ज २००५ मध्ये आणि रिपकेन २००७ मध्ये कूपरस्टाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. रिपकेन तेहेतीसही डाव खेळला होता. पुढे याच गृहस्थाने मेजर लीगमध्ये सलग २,६३२ सामने एकही न चुकवता खेळून दाखवले. तेव्हा सवय पॉटकेटलाच लागली असावी.

आम्हाला मात्र जास्त महत्त्वाचा वाटतो तो डेव्ह कोझा. वायोमिंगमधून आलेला हा मुलगा त्या सामन्यात चौदा वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि पाच फटके मारले. बॉग्जला बारांत चार, रिपकेनला तेरांत दोन. म्हणजे त्या रात्री कोझा दोघांच्याही पुढे होता, आणि जिंकून देणारा फटकाही त्याचाच. तरीही मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. का? बॉस्टनला त्याच जागेसाठी दुसरे लोक होते, वळणारा चेंडू त्याला त्रास द्यायचा, वय वाढत गेले. हे सगळे खरे, आणि तरी उत्तर अपुरे. बेसबॉल सुटल्यावर तो पॉटकेटमध्येच राहिला आणि ट्रक चालवून संसार केला.

आपल्याकडे याला भाऊसाहेब निंबाळकर म्हणतात. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावा पुढे, आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. भाऊसाहेबांना कसोटी सामन्याची टोपी कधीच मिळाली नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, त्यांनाही नाही. पण एक फरक आहे. भाऊसाहेब महाराष्ट्रासाठी खेळत होते आणि त्या ४४३ धावा महाराष्ट्राच्या खात्यावर आहेत. कोझा ज्या संघासाठी खेळत होता तो संघ त्याचा नव्हता, गावाचा नव्हता, आणि पूर्णपणे मोंडोरचाही नव्हता.

पैशांचे बोलायचे तर ट्रिपल-एच्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार २०२२ पर्यंत १७,५०० डॉलर होता. वसंत ऋतूतल्या सरावाचे पैसे नीट मिळत नसत. माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये कोर्टात धाव घेतली, २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले, आणि २०२३ च्या पहिल्याच करारात ट्रिपल-एचा पगार ३५,८०० डॉलरवर गेला. कोझाच्या पिढीला यातले काही मिळाले नाही.

बेन मोंडोर २०१० मध्ये वारले. २०१५ मध्ये त्यांच्या पत्नीने संघ विकला. घेणाऱ्यांत रेड सॉक्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो आणि वकील जेम्स स्केफिंग्टन प्रमुख होते. त्यांनी आल्या आल्या जाहीर केले की संघ प्रॉव्हिडन्सला, नदीकाठच्या नव्या मैदानात न्यायचा, आणि त्यासाठी सरकारने मदत करायची. लोक खवळले. त्यालाही कारण होते. २०१० मध्ये राज्याने रेड सॉक्सचाच माजी पिचर कर्ट शिलिंग याच्या व्हिडिओ गेम कंपनीसाठी साडेसात कोटी डॉलरची हमी घेतली होती, आणि ती कंपनी २०१२ मध्ये बुडाली. दुधाने तोंड पोळलेले, ताक फुंकून पिणारच. स्केफिंग्टन त्याच मे महिन्यात अचानक वारले, प्रॉव्हिडन्सचा बेत बारगळला. मग पॉटकेटमध्येच नवे मैदान बांधायची बोलणी तीन वर्षे चालली. राज्याने कायदा केला तोपर्यंत उशीर झाला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये संघाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराशी करार जाहीर केला.

शेवटचा हंगाम २०२० चा ठरला होता. निरोपाचे कार्यक्रम आखले होते. कोविड आला, मायनर लीगचा सगळा हंगाम रद्द झाला, आणि पॉटकेटकरांना शेवटचा सामनासुद्धा बघायला मिळाला नाही. त्याच हिवाळ्यात मेजर लीगने जोडसंघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. आपल्या भागातला लोवेल स्पिनर्स हा संघ त्यात गेला. स्पिनर्स म्हणजे सूत कातणारे, तेही गिरणगावच.

यात खलनायक कोण, यावर तिथे आजही वाद आहेत. आमच्या मते मोंडोरसारख्या माणसावर सगळे अवलंबून ठेवणे हीच त्या व्यवस्थेतली फट होती. लोकांना वाटत होते संघ आपला आहे. कागदावर त्यांचे काहीच नव्हते.

मॅकॉयचे पाडकाम २०२५ मध्ये सुरू झाले. त्या जागेवर गावाची नवी हायस्कूल येणार आहे. पॉटकेटच्या नदीकाठी त्याच वर्षी एक नवे मैदान खुले झाले, पण ते सॉकरचे, ऱ्होड आयलंड एफसीचे. वूस्टरला पोलर पार्क मे २०२१ मध्ये सुरू झाले. बांधायला १५ कोटी डॉलरच्या वर खर्च आला. पॉसॉक्सचे आता वूसॉक्स झाले आहेत. लुकिनोंच्या गटाने तो संघही २०२३ च्या अखेरीस डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या कंपनीला विकायचे ठरवले. या कंपनीकडे देशभरातले असे डझनांनी संघ आहेत.

मुलांना घेऊन जायचे असेल तर बॉस्टनहून वूस्टरची लोकल गाडी युनियन स्टेशनला सोडते, तिथून पोलर पार्क चालत जाण्याइतके जवळ आहे. संध्याकाळी उशिरा गार वारा सुटतो, स्वेटर बरोबर असू द्या. आणि खेळाडूंच्या नावांची यादी विकत मिळाली तर जपून ठेवा. दहा वर्षांनी त्यातली दोन-तीन नावे टीव्हीवर ऐकू येतील. बाकीच्यांनीही त्या संध्याकाळी तेवढेच जीव तोडून खेळलेले असेल.